पेन्शनच्या खिडकीला 2 तारे

बँकेचं नाव लिहीत नाही. अजून कितीतरी हप्ते तिथेच कापून घ्यायचेत. 2 तारे देतेय, तेही खिडकीवरच्या मुलीमुळे.

आमचे हे भुसावळला रेल्वेत सीनियर टेक्निशियन. ऑगस्ट 2011 ला रिटायर झाले, 2013 ला गेले. फॅमिली पेन्शन आधी वाढीव दराने मिळते: माणूस गेल्यापासून 7 वर्षं, नाहीतर तो असता तर 67 चा होईपर्यंत, जे आधी येईल तोवर. मग शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांवर येते. आमचं 67 आधी आलं, ऑगस्ट 2018 ला. ही तारीख पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, छापलेली असते, माझ्या प्रतीवर आणि बँकेच्याही. मी कधी वाचली नाही, कबूल. पण ती वाचायचं काम कुणाचं?

नोव्हेंबर 2021. हयातीचा दाखला द्यायला गेले, म्हटलं आलेच आहे तर किराण्याचे पैसे काढून घेऊ. स्लिप परत. खात्यावर होल्ड!

"काकू, वरून आलंय, सीपीपीसीतून, म्हणजे बँकेच्या पेन्शन केंद्रातून," मुलगी म्हणाली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 38 महिन्यांचे जादा दिलेले, महागाई भत्त्यासकट, 3,98,712 रुपये. मूळ पेन्शन 22,450 ची झाली 13,470. ना पत्र, ना फोन. एटीएम कार्डाचे पैसे कापल्याचा मेसेज मात्र न चुकता येतो.

पेन्शनर संघटनेतले एक भाऊ म्हणाले, घाबरू नका. 2014 ला सुप्रीम कोर्टाने रफिक मसीह खटल्यात सांगितलंय, क आणि ड वर्गाच्या आणि रिटायर झालेल्या लोकांकडून चुकीने गेलेले पैसे वसूल करू नका. भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांना तर 2020 मध्ये नागपूर खंडपीठाने बँकेकडून कापलेले पैसे परत मिळवून दिले. मी तो कागद घेऊन मॅनेजरांकडे गेले. त्यांनी फाइलीतून माझंच हमीपत्र काढलं: जादा रक्कम आल्यास परत करीन. खाली माझी सही. 2013 मध्ये दिवसपाणी उरकल्यावर 'इथे, इथे आणि इथे' म्हणत घेतलेली. अशी हमी दिली असेल तर वसुली चालते, असाही 2016 चा निकाल आहे म्हणे. भाऊ गप्प झाले.

पैसे माझे नव्हते, द्यायला माझी ना नाही. पण 38 महिने झोपा काढायच्या आणि जाग आली की विधवेचं अख्खं खातं गोठवायचं, ही कुठली रीत? दुधाचे पैसे त्या महिन्यात शेजारणीकडून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा.

खिडकीवरच्या त्या मुलीने मला बाजूला बसवून अर्ज लिहून दिला, पोच घ्यायला लावली, दोनदा स्वतःहून फोन केला. 19 दिवसांनी होल्ड निघाला. जानेवारी 2022 पासून महिना 4,000 कापतात.

म्हणजे शंभर हप्ते. शेवटचा पडेल तेव्हा मी 76 ची असेन. तोवर दर नोव्हेंबरला अंगठा लावून जिवंत असल्याचं सांगायचं. आता माझ्या जगण्याची काळजी बँकेलाही असेल.