रोबोटच्या खांद्याचा ब्रेक: भोसरीत बनवून घेतलेला 24 व्होल्टचा

आम्ही सहा अक्षांचे छोटे रोबोट आर्म जुळवतो. खांद्याच्या मोटरमागे, एन्कोडरच्या (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर) अलीकडे, जेमतेम 14 मिमी जागा होती. कॅटलॉगमधला ब्रेक तिथे बसेना, म्हणून भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपकडून तो बनवून घेतला. अख्खा पावसाळा चालवून मग लिहितोय.

हा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो: कॉइलमध्ये वीज आली की ती आर्मेचर, म्हणजे लोखंडी चकती, स्प्रिंगविरुद्ध ओढून घेते. वीज गेली की हार्मोनिक गिअर (सांध्यातला वेग कमी करणारा गिअर) हात धरून ठेवत नाही, हात वजनाने खाली येतो. आमच्या हातात अर्ध्या मीटरवर 12 किलो, म्हणजे सांध्यावर साधारण 59 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर). गिअर 100 ला 1, त्यामुळे मोटरच्या शाफ्टवर फक्त 0.6. दुप्पट धरून 1.2 चा मागितला.

टॉर्क लिहून घेतल्यावर तिथल्या मालकांनी लगेच विचारलं, "साहेब, कॉइलवर डायोड लावणार का झेनर?" माणूस कामाचा आहे हे मला तिथेच कळलं. नुसता डायोड लावला तर वीज तोडल्यावरही करंट कॉइलमध्ये फिरत राहतो आणि स्प्रिंग उशिरा पकडते; सोबत झेनर डायोड असला तर तो करंट लवकर संपतो. ऑसिलोस्कोपवर पाहिलं: डायोडने साठेक मिलिसेकंद, झेनरने पंधराच्या आसपास. तेवढ्या फरकात हाताचं टोक डोळ्यांना दिसेल इतकं घसरतं.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची गरम चाचणी. 20 अंशांवरून 100 वर गेलं की तांब्याचा रोध सुमारे 31 टक्क्यांनी वाढतो, करंट पाऊणपटीवर येतो. कॉइलची खेच करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त उरते. थंड असताना झकास सुटणारा ब्रेक दुपारी अडकतो तो यामुळेच. यांनी माझ्यासमोर ब्रेक भट्टीतून काढला, सप्लाय 24 वरून 21.6 व्होल्टवर आणला, फिलर गेजने (फट मोजायची पातळ पट्टी) कॉइल आणि आर्मेचरमधला गॅप मुद्दाम 0.25 मिमी केला (लायनिंग, म्हणजे घासणारा थर, झिजल्यावर होईल तेवढा) आणि बटण दाबलं. टक्. आर्मेचर पूर्ण ओढलं गेलं, डिस्क बोटाने मोकळी फिरली. याआधी ज्यांच्याकडून ब्रेक घ्यायचो, त्यांनी अशी चाचणी कधी दाखवली नाही.

कॉइल 10 वॅटची. सुटल्यावर आम्ही व्होल्टेज निम्मं करतो, मग अडीच वॅटवर धरून राहते. शेजारी एन्कोडर असताना उष्णता कमी ठेवायला हे केलंच पाहिजे.

आता उणिवा. हाताने सोडायची सोय नाही. सांध्यात कुणाचा हात अडकला आणि वीज गेलेली असली, तर वेगळी 24 व्होल्टची वायर हाताशी हवी. आम्ही ती कंट्रोलरवर काढली, पण हे त्यांनी स्वतःहून सुचवायला हवं होतं. तारा बाहेर येतात तिथे पकड कमी आहे, आम्ही क्लिप लावली. आणि गॅप किती ठेवायचा हे ब्रेकवर कुठेच कोरलेलं नाही, कागदावर पेनने लिहून देतात. तो कागद वर्षभराने मेंटेनन्सवाल्याला सापडणार आहे का?

हा धरून ठेवायचा ब्रेक आहे. पळता हात रोज यानेच थांबवाल तर लायनिंगची भुकटी थेट एन्कोडरवर जाईल. थांबवायचं काम ड्राइव्हने (मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक्स) करावं.

मोठी ऑर्डर असेल आणि जागा मोकळी असेल, तर कॅटलॉगमधलाच घ्या, स्वस्त पडेल. जागेची अडचण असेल तर इथे जा. मोटरचं ड्रॉइंग आणि ड्राइव्हचं वायरिंग सोबत न्या. ते पाहिल्याशिवाय ते वाइंडिंगला हात घालत नाहीत.