दुबईतलं इराणी हॉटेल, शीशा आणि तळाचा भात: नऊ महिन्यांनंतर लिहितेय

मागच्या ऑक्टोबरपासून आम्ही देरामधल्या एका इराणी हॉटेलात जातोय, महिन्यातून दोनदा तरी नक्की, पाहुणे आले की तीनदा. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तक्रारी पण आहेत, आणि शिवाय इथे अशी साधी, घरच्यांना घेऊन जाण्यासारखी इराणी हॉटेलं बरीच आहेत, त्यामुळे मी जे सांगतेय ते थोडंफार सगळ्यांनाच लागू पडेल.

आधी एक सांगून टाकते. इराणी म्हटलं की आपल्या डोक्यात बन मस्का, ब्रून, मावा केक आणि संगमरवरी टेबलं येतात. मुंबई-पुण्याचे इराणी म्हणजे बहुतेक करून इराणच्या याझ्द, केरमानकडून आलेले, त्यात झोरोस्ट्रियन, म्हणजे पारशी धर्माचे, जास्त, त्यांनी इथल्या लोकांच्या चवीचं हॉटेल उभं केलं आणि ते आपलंच झालं. इराणमधल्या लोकांचं रोजचं जेवण ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. बन मस्का शोधत गेलात तर मिळणार नाही. एकच धागा मला सापडला तो म्हणजे बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा (१९२३ पासूनचं हॉटेल) बेरी पुलाव, त्यातल्या त्या लाल आंबट बेरी म्हणजेच झेरेश्क, आणि इथे मूळ झेरेश्क पोलो (पोलो म्हणजे पुलाव) मिळतो, कोंबडीबरोबर. पहिल्या दिवशी मी तोच मागवला होता, ओळखीचं काहीतरी म्हणून.

पण खरं सांगायचं तर आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो ते जेवायला नाही, शीशासाठी, म्हणजे हुक्क्यासाठी गेलो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं की बाहेर गच्चीसारखी जागा आहे, हवा छान असते, जमिनीपासून थोड्या उंचीवर गालिचा टाकलेल्या बैठका आहेत, लोडाला टेकून तासन् तास बसा, कोणी उठवत नाही. आणि ते खरंच होतं. ऑक्टोबरच्या शेवटी दुबईची हवा जेव्हा पहिल्यांदा माणसाला बाहेर बसू देते ना, चार-पाच महिने एसीत काढल्यावर, तेव्हा नुसतं उघड्यावर बसणं हेच सुख असतं. फारसीत त्याला गेल्यान म्हणतात, इथे सगळे शीशाच म्हणतात, माझ्या आजोळी माळ्यावर एक पितळी गुडगुडी पडलेली असायची तीच वस्तू, फक्त काचेच्या भांड्यात.

तर शीशाचं नंतर सांगते, आधी भात, कारण नऊ महिन्यांत आम्ही ज्याच्यासाठी परत परत गेलो तो भात आहे.

मी भात खाणाऱ्या घरातली आहे, वरण-भात-तूप-लिंबू याच्या वर काही असेल असं मला वाटत नव्हतं. इथला भात आधी मिठाच्या पाण्यात भिजवतात, मग भरपूर पाण्यात अर्धा-कच्चा उकळून वेळून घेतात, आपल्याकडे कोकणात वेळतात तसाच, पेज काढून. मग तोच भात परत पातेल्यात डोंगरासारखा रचायचा, चमच्याच्या दांड्याने त्यात भोकं पाडायची म्हणजे वाफ फिरते, आणि झाकणाला फडकं गुंडाळून मंद आचेवर ठेवायचा. फडकं कशाला, तर झाकणावर जमलेलं पाणी भातावर टपकू नये म्हणून. इतकी काळजी. त्यामुळे शीत न् शीत वेगळं, लांब, आणि तरी मऊ. वर थोडा भात केशराच्या पाण्यात रंगवून टाकलेला. केशर पण काड्या काड्या नाही टाकत, चिमूटभर साखरेबरोबर खलून, कोमट पाण्यात मुरवून. जगातलं बहुतेक केशर इराणच्या खोरासान भागातून येतं आणि ते लोक ते हातचं राखून वापरत नाहीत हे ताट समोर आल्याबरोबर वासावरून कळतं.

आणि तळाला जे लागतं ते तहदिग. म्हणजे शब्दशः पातेल्याचा तळ. आपल्याकडे खरवड म्हणतात, लहानपणी आम्ही बहिणी त्यावरून भांडायचो, पण आपली खरवड चुकून होते, ही मुद्दाम करतात. खाली तेल-तूप आणि केशर, कधी बटाट्याच्या चकत्या, कधी लवाशची पोळी पसरतात आणि वर भात. मी एकदा वेटरला विचारलं की अजून आहे का, तर तो आत जाऊन एक हातभर तुकडा घेऊन आला, सोनेरी, बोटाने वाजवला तर टकटक आवाज येणारा, मोडला तर आतल्या बाजूला भाताची शितं एकमेकांना चिकटलेली, मऊ, आणि बाहेरची बाजू कुरकुरीत, करपलेली अजिबात नाही. त्यावर त्याने गोर्मे सब्जीचा रस्सा ओतला आणि म्हणाला, आता थांबू नका, लगेच खा. दोन मिनिटं थांबलं की नरम पडतं. ते मी आजही तसंच खाते, हातात घेऊन, आधी अर्धं कोरडं, मग अर्धं रश्श्याबरोबर.

गोर्मे सब्जी म्हणजे पालेभाज्यांचा काळपट हिरवा रस्सा, त्यात मटण आणि राजमा. कोथिंबीर, पार्सली, एक पातीसारखी भाजी, आणि मेथी. मेथीचा तो कडवट वास आला ना की घरी आल्यासारखं वाटतं. त्यात वाळवलेली अख्खी लिंबं असतात, लिमू अमानी, ओमानवरून नाव पडलेली, ती चावू नका, पहिल्या वेळेस मी चावली होती, नुसती कडू जहर. चमच्याने दाबून रस उतरू द्यायचा. देराच्या मसाले बाजारात ही लिंबं पोत्यात मिळतात, मी आता आमटीत पण एखादं टाकते.

कबाबाबद्दल थोडक्यात. कूबिदे घ्या, म्हणजे खिमा आणि कांदा मळून रुंद सपाट सळईवर थापलेला, इथे तो कधीच चुकला नाही. सोबत भाजलेला टोमॅटो, लोण्याचा तुकडा, कच्चा कांदा, आणि सुमाक नावाची किरमिजी आंबट पूड, ती आमसुलाचं काम करते, भातावर आणि कबाबावर हात सैल सोडून घालायची. जूजे म्हणजे केशर-लिंबातली कोंबडी, ती मात्र दर तीनातून एकदा कोरडी आली. बर्ग, म्हणजे पातळ कापलेल्या मटणाचा कबाब, महाग आहे आणि मला नाही वाटलं की त्याची गरज आहे. ताटाबरोबर ताजी सब्जी येते, तुळशीच्या जातीचा तो रेहान, पुदिना, मुळे, ती बाजूला सारू नका, एकेक घासाबरोबर खायची असते.

माझा नवरा कोल्हापूरचा, त्याला हे सगळं जरा सपक वाटायचं. तिखट नाहीच मुळी, हे खरंय, इराणी जेवणात तिखट शोधू नये, आंबट आणि सुगंध शोधावा. पण डिसेंबरात एकदा आम्ही दीझी मागवली. मातीच्या भांड्यात मटण, हरभरे, बटाटा, टोमॅटो तासन् तास शिजवलेलं, वर चरबीचा तवंग. आधी रस्सा वाडग्यात ओतून घ्यायचा आणि त्यात संगकचे तुकडे कुस्करायचे, संगक म्हणजे तापलेल्या खड्यांवर भाजलेली लांबच लांब रोटी, कधी कधी एखादा खडा चिकटलेला असतो तो बघून घ्या. मग मागे राहिलेलं मटण-हरभरे एका धातूच्या बत्त्याने तिथेच टेबलावर कुटायचं आणि कच्च्या कांद्याबरोबर खायचं. रश्श्यात भाकरी कुस्करून खाल्लेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. त्या दिवशी तो पहिल्यांदा म्हणाला की पुढच्या आठवड्यात परत येऊया.

आता तक्रार, आणि ही मला अजून लागते. जानेवारीत आई आली होती, आई पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही. आधी सगळं छान झालं. बाघाली पोलो मागवला, मटण नको, नुसता भात द्या असं सांगून, त्यात शेपू आणि मोठ्या पावट्यासारखे हिरवे दाणे असतात. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं हा तर शेपूचा भात!" आणि मग निवांत जेवली, दही-काकडीबरोबर, ते पण आपल्या कोशिंबिरीसारखंच, वर वाळलेला पुदिना. मग मी आश रेश्ते मागवलं, शेवया, कडधान्यं, पालेभाज्या असं दाट सूप, वर तळलेला कांदा आणि कश्क, म्हणजे दह्यापासूनचा आंबट दाट पदार्थ. वेटरला दोनदा विचारलं, शाकाहारी आहे ना, तो हो म्हणाला. आईने अर्धा वाडगा संपवला. नंतर दुसरा वेटर बिल घेऊन आला तेव्हा मी सहज कौतुक केलं तर तो म्हणाला, चव येणारच, मटणाच्या पाण्यात शिजवतो आम्ही. आई काही बोलली नाही, फक्त चमचा खाली ठेवला, आणि घरी येऊन आंघोळ करून देवापाशी बसली. मॅनेजरने माफी मागितली, पैसे पण परत दिले, पण मला हवं होतं ते मेन्यूवर लिहिणं, आणि जूनपर्यंत ते लिहिलेलं नाहीये. त्यामुळे शाकाहारी मंडळींनो, "मटण आहे का" एवढंच विचारू नका, "पाणी कसलं वापरलंय" असं विचारा, आणि वेटरला नको, आत स्वयंपाक्याला विचारून यायला सांगा. मिर्झा घासेमी, म्हणजे भाजलेल्या वांग्याचं लसूण घालून केलेलं भरीत, बघून तुम्ही खूश व्हाल, पण त्यात अंडं असतं हे लक्षात ठेवा.

आता शीशा. २०१८ पासून महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर बंदी आहे त्यामुळे पुण्याहून भाचे-पुतणे आले की पहिली फर्माईश हीच असते, म्हणून नीट सांगते. आम्ही सुरुवातीला दर वेळी घ्यायचो. दो-सीब, म्हणजे दोन सफरचंदं, पण चव सफरचंदाची कमी आणि बडीशेपेची जास्त. चांगलं काय होतं ते पण सांगते, भांड्यातलं पाणी समोर बदलायचे, तोंडाला लावायची नळी प्रत्येकाला वेगळी, पाकीटबंद, आणि निखारे नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे, झटकन पेटणाऱ्या गोळ्यांचे नाहीत, त्या गोळ्यांना दारूगोळ्यासारखा वास येतो. हातात चिमटा आणि निखाऱ्याची टोपली घेऊन एक काका सारखे फिरत असायचे, राख झटकायचे, निखारा सरकवायचे, आणि गार झाला तर न मागता बदलायचे. गप्पा रंगायच्या, पुढ्यात कमरेत बारीक असलेल्या पेल्यात चहा, खडीसाखरेची केशरी काडी, नबात म्हणतात, ती चहात ढवळायची. हे सगळं मला मनापासून आवडायचं, नाकारत नाही.

पण मे महिन्यात ऊन वाढलं आणि बाहेरची बैठक बंद झाली, सगळे आत. हॉलमध्ये एसी, दारं बंद, आणि दहा टेबलांवर दहा शीशे. धूर काढणारे पंखे आहेत, पुरत नाहीत. एका शुक्रवारी रात्री अडीच तास बसलो आणि नवऱ्याचं डोकं इतकं जड झालं, मळमळायला लागलं, की गाडी मी चालवली. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोळसा बंद खोलीत होता का. तंबाखूपेक्षा आधी तो जळता कोळसा, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला ना रंग ना वास. पाण्यातून येतो म्हणून धूर स्वच्छ होतो असं आम्ही पण समजत होतो, तसं नसतं. तासाभराच्या एका बैठकीत एका सिगरेटच्या १०० ते २०० पट धूर छातीत जातो असं जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगून ठेवलंय. हे वाचल्यावर आम्ही बंद केलं, त्याला आता सहा आठवडे झाले.

बंद केल्यावर एक गोष्ट लक्षात आली जी आधी यायला हवी होती. शीशा ओढून जेवलं की केशराचा वास येत नाही. जीभ बडीशेपेने आणि धुराने भरलेली असते. त्याच हॉटेलात, तोच झेरेश्क पोलो, आम्ही मागच्या महिन्यात भरदुपारी शीशाशिवाय खाल्ला तर मला वाटलं स्वयंपाकी बदलला. बदललेला नव्हता. शेजारच्या टेबलावरचा धूर मात्र अजून येतो, वेगळी बिनधुराची खोली आहे पण संध्याकाळी ती पार्टीवाल्यांना देऊन टाकतात, हे मला अजिबात पटत नाही, लहान मुलं घेऊन आलेली माणसं कुठे बसणार?

पैशांचं म्हणाल तर दोघांचं जेवण आमचं साधारण १२० ते १५० दिरहममध्ये होतं, शीशा घेतला की त्याचे ५० वर. चहा बाकीच्यांच्या मानाने स्वस्त.

एक आठवण फक्त. मार्चमध्ये नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, आठवड्यात गेलो तर दारापाशी टेबल मांडलेलं, फारसीत स ने सुरू होणाऱ्या सात वस्तू, सफरचंद, लसूण, सिरका, सुमाक वगैरे, आणि मध्ये थाळीत उगवलेले गव्हाचे कोंब, लाल फीत बांधलेली. नवरात्रात घटाभोवती आपण धान पेरतो ते आठवलं आणि मी तिथेच उभी राहिले. कोळशाच्या टोपलीवाले काका जवळ आले, त्यांना हिंदी थोडं येतं, तेराव्या दिवशी ते कोंब वाहत्या पाण्यात सोडतात म्हणाले. मी म्हटलं आम्ही पण सोडतो. त्यांनी त्या दिवशी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

जायचं असेल तर शनिवारी दुपारी एकच्या आत जा, बर दुबईकडून येत असाल तर अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, पकडा, एक दिरहम, गाडी लावायचा त्रास वाचतो. बिनधुराच्या खोलीत खिडकीजवळ बसा, आणि ऑर्डर द्यायच्या आधी विचारा, तहदिग बटाट्याचं आहे की भाताचं. भाताचं असेल तर दोन प्लेट सांगून ठेवा, दुपारी दोनपर्यंत संपतं.