आईच्या नऊवारीची गोधडी : अ‍ॅप्लिक आधी की टाके आधी?

आईच्या पाच जुन्या साड्या बरीच वर्षे कपाटात घडी घालून ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या दोन इरकली नऊवारी आणि बाकीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती पाचवारी. यंदा भाचीच्या बाळासाठी एक दुपटे आणि घरासाठी एक मोठी गोधडी शिवून घ्यायचे ठरवले आणि पुण्यात घरच्या घरी अशी कामे घेणाऱ्या सहा जणींच्या गटाकडे साड्या नेऊन दिल्या. दोन्हींवर लाल खणाच्या कोयऱ्या अ‍ॅप्लिक करून, म्हणजे आकार कापून वरून शिवून, हव्या होत्या. ही कामे आता महिनाभर वापरून आणि दोनदा धुऊन झाली आहेत, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

मला सर्वांत आवडली ती त्यांची पहिलीच अट. माप घेण्याआधी त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाई म्हणाल्या, “ताई, कोयऱ्या आम्ही आधी वरच्या कापडावर लावून घेणार. थर जोडल्यावर लावायला सांगू नका.” कारणही त्यांनी तिथेच उलगडून दाखवले. वरचे कापड एकटे असते तेव्हा ते हातात फिरते, कोयरीच्या टोकाशी कड आत दुमडून बारीक तुरपाई घालता येते आणि मागची बाजू उलटून टाका तपासता येतो. मोठ्या गोधडीसारखे आत पॉलिएस्टरचे भरण असेल, तर थर जोडल्यावर गरम इस्त्री फिरवणे धोक्याचे असते, कारण उष्णतेने ते भरण चपटे होते. शिवाय सगळे थर जोडल्यावर मशीनवर कोयरीची कड शिवायची म्हटली, तर प्रत्येक वळणाला संपूर्ण गोधडी मशीनच्या कमानीखाली फिरवावी लागते आणि त्या शिवणीचा माग अस्तरावर उमटतो.

आमच्या आजीच्या वाकळीत हा प्रश्नच नव्हता. तिथे ठिगळ ठेवायचे आणि धावदोरा घालायचा. ठिगळ बसवणारा टाका आणि थर जोडणारा टाका एकच असे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातील) स्त्रियांची कवंदी नावाची गोधडी आजही अशीच शिवली जाते, कडेपासून सुरुवात करून आत आत येत, तुकडे जोडत जोडत. मात्र त्यात तुकडे बहुधा चौकोनी किंवा आयताकृती असतात. कोयरीसारखा बाक आणि टोक असलेला आकार त्या पद्धतीने नेटका बसवणे फार अवघड आहे, विशेषतः खणाच्या कापडात, कारण खण कापला की त्याचे धागे लगेच सुटू लागतात.

दुपट्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यात वेगळे भरण नाही, साडीचेच चार थर आहेत. सात कोयऱ्या वरच्या थरावर पाव इंच कड दुमडून लावल्या आहेत, त्यांच्याखालचे जादा कापड आतून कापून काढले आहे, त्यामुळे बोट फिरवले तरी गाठ किंवा जाड कंगोरा हाताला लागत नाही. थर जोडल्यानंतरचा धावदोरा प्रत्येक कोयरीपाशी येऊन थांबतो, तिच्या कडेने वळसा घेतो आणि पुढे निघतो. त्या वळशामुळे कोयरी किंचित उठून दिसते. टाके शिकाऊ हाताचे नाहीत, हे अस्तराच्या बाजूने पाहिले की लगेच कळते.

मोठ्या गोधडीत मात्र दोन ठिकाणी काम चुकले. मध्यभागी चौदा इंच रुंदीचे कमळ आहे. ते आधी लावले हे बरोबरच होते. पण नंतर टाके घालताना फक्त त्याच्या भोवतीने वळसा दिला, पाकळ्यांवरून एकही ओळ नेली नाही. छोट्या कोयरीला हे शोभते, एवढ्या मोठ्या आकाराला नाही. पहिल्याच धुण्यात कमळ पोळीसारखे फुगले आणि आतले भरण एका बाजूला सरकले. दुसरी चूक कोपऱ्यातली. तिथल्या कोयरीचे टोक किनारीपर्यंत पोहोचत होते आणि तीही इतरांबरोबर आधीच लावून टाकली. पुढे कडा समान कापून मगजी (कडेवर दुमडून शिवलेली कापडी पट्टी) लावली तेव्हा टोकाचा जवळजवळ अर्धा इंच मगजीखाली गेला. दाट शिवणीने वरचे कापड थोडे आक्रसते, म्हणून ते सुरुवातीला चारही बाजूंनी इंचभर मोठे ठेवायला हवे होते, आणि मगजीला भिडणारा आकार तरी सर्वांत शेवटी लावायला हवा होता. ‘आधी’ हा नियम चांगला असला, तरी तो या एका कोयरीला लागू नव्हता.

गोधडी परत नेली तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते. कमळावर पाकळ्यांच्या शिरांप्रमाणे धावदोऱ्याच्या ओळी घालून भरण पुन्हा बसवले. कोपऱ्यातली कोयरी उसवून, मगजीवरून टोक नेत, फक्त वरच्या थरातून सुई काढत नव्याने लावली. चार दिवस लागले, वेगळे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या धुण्यानंतर कमळ सपाट राहिले आहे.

ज्यांना त्यांच्यासारख्या कोणाकडून काम करून घ्यायचे असेल, त्यांनी साड्या देतानाच रेखाटन मागावे आणि कोणता आकार किनारीला भिडतो ते बोटाने दाखवून द्यावे. नवा खण दिला असेल तर तो आधी पाण्यातून काढून द्यावा, नाहीतर जुनी साडी जशीच्या तशी राहते आणि नवा तुकडा तेवढा आक्रसून चुण्या पडतात. मला आता दुपट्याच्या मागे बाळाच्या नावाचा तुकडा लावून हवा आहे. तो सगळे संपल्यावरच, केवळ अस्तराच्या थरात तुरपाईने लावायचा, म्हणजे पुढून टाका दिसणार नाही. पुढच्या आठवड्यात दुपटे त्यासाठी त्यांच्याचकडे नेणार आहे.