साधं वायरलेस चार्जिंग पॅड घ्यावं की मॅग्नेटवालं?

साध्या ‘ची’ (Qi, वायरलेस चार्जिंगचं मानक) पॅडवर फोन नेमका मध्यभागी ठेवावा लागतो. आतली तांब्याची कॉइल आणि फोनची कॉइल समोरासमोर आल्या नाहीत, की वीज पोचण्याऐवजी उष्णताच वाढते. फोन तापला की स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो. रात्री व्हायब्रेट होऊन फोन बोटभर सरकला तर सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली सापडते. आयफोनला अशा पॅडवर जेमतेम 7.5 वॅट मिळतात.

2023 मध्ये आलेल्या ‘ची-2’ (Qi2) या पुढच्या मानकात चुंबकाची कडी फोन बरोबर जागेवर ओढून घेते, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत 15 वॅटपर्यंत वीज मिळते. मात्र चुंबक फोनमध्येही हवा: आयफोन 12 पासून तो असतो (एसई आणि 16ई सोडून), गॅलेक्सी एस25 ला चुंबकवालं कव्हर घ्यावं लागतं. जुना 5 वॅटचा अडॅप्टर दोन्ही पॅडना अपुराच. किमान 20 वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीवरचं जलद चार्जिंग) अडॅप्टर लावा. फोनच्या पाठीला धातूची रिंग चिकटवली असेल तर ती आधी काढा, तीच तापते.

वायरलेस इयरबड्सची डबी ठेवायची असेल तर साधं पॅड पुरे. फोनसाठी मात्र मॅग्नेटवालंच घ्यावं. घाईच्या वेळी अर्थात केबलच बरी.