प्लॅटिनम सिलिकॉन म्हणून सीलंट विकलं जातंय, सावध राहा

घरच्या घरी रेझिनचं किंवा पीओपीचं ओतकाम करणाऱ्यांना ठाऊक आहे की खर्चाचा मोठा भाग साच्याच्या सिलिकॉनवर जातो. त्यामुळे 'निम्म्या किमतीत प्लॅटिनम सिलिकॉन' अशी जाहिरात दिसली की कुणाचंही लक्ष जाणारच. अशाच एका ऑनलाइन विक्रेत्याने मला फसवलं. पैसे गेले त्याहून जास्त दुःख माझ्या मूळ नमुन्याचं आहे. हाताने कोरलेला होता, तो त्या चिकट लगद्यात कायमचा अडकला.

डब्यात घट्ट पांढरट लगदा होता आणि सोबत निळसर द्रवाची छोटी बाटली, तिच्यावर 'हार्डनर' लिहिलेलं. पत्रकात म्हटलं होतं, थेंब-दोन थेंब टाका, पुरे. आकसत नाही, खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित, वितळलेलं कथीलसुद्धा ओतता येतं, असे दावे लेबलवर होते. झाकण उघडलं आणि व्हिनेगरचा तीव्र वास आला.

हा वास नीट लक्षात ठेवा. साच्यासाठी दोन भागांत मिळणारं सिलिकॉन मुख्यतः दोन प्रकारचं असतं. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जमणारं (म्हणजेच प्लॅटिनम सिलिकॉन) बहुधा १:१ किंवा १०:१ प्रमाणात मिसळतात आणि ते फारसं आकसत नाही. कथिलाच्या संयुगाने जमणाऱ्यात हार्डनर वजनाच्या काही टक्के लागतो आणि ते कालांतराने थोडं आकसतं. व्हिनेगरचा वास यांपैकी कशालाच येत नाही. तो येतो बाथरूमच्या फटी बुजवायच्या ॲसिटिक सीलंटला, कारण जमताना त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडतं. हे सीलंट हवेतल्या दमटपणावर, बाहेरून आत असं जमत जातं. पातळ थर सुकतो, जाड थर आतून दिवसेंदिवस ओलाच राहतो. माझा साचा वरून रबरासारखा झाला होता आणि नमुन्याला लागून पूर्ण चिकट.

तक्रार केल्यावर जे घडलं ते सांगण्यासाठीच मुख्यतः हे लिहितोय. विक्रेता म्हणाला, "तुमच्या क्लेमध्ये गंधक असणार, म्हणून जमलं नाही." ही सबब वरवर अगदी खरी वाटते, कारण गंधक असलेल्या मॉडेलिंग क्लेला किंवा लेटेक्सला लागून प्लॅटिनम सिलिकॉन खरोखरच जमत नाही. नवीन माणूस इथेच गप्प बसतो. खऱ्या शास्त्राचा असा आडोसा घेऊन माणसाला स्वतःच्या कामाबद्दल शंका घ्यायला लावणं, हे मला मूळ फसवणुकीपेक्षाही वाईट वाटतं.

या सबबीवर उत्तर आहे. तेच मिश्रण एका स्वच्छ, कोऱ्या प्लॅस्टिकच्या कपात जाडसर ओता. कपात नीट जमलं आणि क्लेजवळच चिकट राहिलं, तर गंधकाची शंका रास्त आहे. कपातही आतून ओलं राहिलं, तर एक तर प्रमाण चुकलंय किंवा माल खराब आहे. दुसऱ्या कपात हार्डनर न घालता नुसत्या लगद्याचा पातळ थर पसरून उघड्यावर ठेवा. दोन भागांचं खरं सिलिकॉन हार्डनरशिवाय जमत नाही. माझ्याकडच्या लगद्यावर थोड्याच वेळात साय धरली आणि दुसऱ्या दिवशी तो थर घट्ट होता. म्हणजे बाटलीतल्या निळ्या द्रवाचा जमण्याशी काही संबंधच नव्हता.

या फसवणुकीचा जास्त राग येण्याचं कारण असं की सीलंटपासून स्वस्त साचा खरंच होतो, आणि तो उघडपणे करता येतो. ॲसिटिक सीलंटमध्ये साधारण तेवढ्याच आकारमानाचं कॉर्नफ्लोअर मळलं, तर कॉर्नफ्लोअरमधला ओलावा आतपर्यंत पोचतो आणि गोळा सगळीकडून जमतो. तो ओतता येत नाही, नमुन्यावर दाबून बसवावा लागतो, बारीक नक्षी थोडी बोथट उतरते. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, आणि पितळ-तांब्याचा नमुना यात घालू नका, आम्लाने डागाळतो. जिलेटिन-ग्लिसरीनचा साचा पुन्हा वितळवून वापरता येतो. पीओपीला ठीक, पण जाड रेझिन जमताना तापतं आणि त्याने तो मऊ पडतो. अल्जिनेट (दातांचे ठसे घ्यायला वापरतात ती पाण्यात कालवायची पावडर) काही तासांतच आकसू लागतं, म्हणून त्यात लगेच ओतायचं.

लेबलवरचे बाकीचे दावे तर धोक्याचे आहेत. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. साच्याचं साधं सिलिकॉन त्या तापमानाला टिकेल असं धरून चालू नका, धातूसाठी खास उष्णतारोधक सिलिकॉन वेगळं मिळतं. धातू पीओपीच्या साच्यात ओतणार असाल तर साचा पूर्ण कोरडा हवा, आत पाणी राहिलं तर त्याची वाफ होऊन वितळलेला धातू अंगावर उडतो. आणि चॉकलेटसाठी साचा करायचा असेल, तर तांत्रिक माहितीपत्रकात खाद्यसुरक्षेचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय ते सिलिकॉन घेऊच नका.

दोन्ही कपांचा व्हिडिओ, डब्याच्या लेबलचा फोटो आणि विक्रेत्याचे मेसेज एकत्र पाठवल्यावर ज्या संकेतस्थळावरून मागवलं होतं त्यांनी पैसे परत केले. विक्रेत्याने आधी मला "पैसे थेट पाठवा, आणखी सूट देतो" असं सुचवलं होतं. तसे पैसे दिले असते तर दाद मागायला जागाच उरली नसती. तसाच डबा आता दुसऱ्या नावाने विकायला आलेला दिसतोय. लेबल बदललंय, पण हार्डनरचं प्रमाण अजूनही थेंबांतच दिलंय आणि बॅच क्रमांक किंवा उत्पादनाची तारीख कुठेच नाही.