वेटरची नोकरी: टिपवाला देश घ्यावा की पगारवाला?

शिकायला किंवा राहायला बाहेर जाणारी बरीच मंडळी विचारतात की रेस्टॉरंटमधे काम करायचं झालं तर कुठल्या देशात जास्त सुटतात, आणि मग कुणीतरी लगेच अमेरिकेतल्या आपल्या मित्राच्या शनिवारच्या रात्रीचा आकडा सांगतं, एका रात्रीत एवढे डॉलर वगैरे. तो आकडा खोटा नसतो हो, पण त्याच मित्राचा मंगळवार कसा गेला ते कुणी सांगत नाही. मी मेलबर्नला दोन वर्षं टेबलं सांभाळलीत आणि माझी मावसबहीण, आमची ताई, कॅनडात टोरांटोला अजून सांभाळतेय, माझी रविवारची रात्र म्हणजे तिची रविवारची सकाळ, शनिवारच्या शिफ्टनंतर झोपून नुकती उठलेली असायची आणि आम्ही फोनवर हिशोब लावत बसायचो की या आठवड्यात कोण जिंकलं. कधी ती कधी मी. तर त्या सगळ्या गप्पांमधून जे कळलं ते लिहितोय.

देश निवडताना टिप किती टक्के मिळते हा प्रश्न दुसरा. पहिला हा, की गिऱ्हाईक एक पैसा न ठेवता उठून गेलं तर त्या तासाचे पैसे मला कोण देणार?

अमेरिकेपासून सुरुवात करू कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच आहे. फेडरल मिनिमम वेज, म्हणजे आख्ख्या देशाला लागू असलेला किमान पगार, २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे पण टिप मिळणाऱ्यांना मालकाने स्वतःच्या खिशातून फक्त २.१३ दिले तरी चालतं, आणि हा २.१३ चा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाहीये. मधले ५.१२ टिपमधून भरून निघाले असं धरतात, त्याला टिप क्रेडिट म्हणतात. न निघाल्यास फरक मालकाने द्यायचा असा कायदा आहे, ऐकायला बरं वाटतं, पण मेख पुढे आहे, हा हिशोब शिफ्टचा नाही, आख्ख्या आठवड्याचा होतो.

म्हणजे बघा, टेक्सासमधे तुम्ही आहात, तिथे २.१३ च चालतो. समजा शनिवारी पाच तासांत तुमच्या टेबलांवर ७०० डॉलरचा धंदा झाला, लोकांनी सरासरी १८ टक्के ठेवले म्हणजे १२६, त्यातले वीसेक बारवाल्याला आणि टेबलं साफ करणाऱ्या पोरांना द्यायचे, उरले १०५ च्या आसपास, वर पगाराचे साडेदहा. तासाला २३ पडले, झकास. मग मंगळवारी पाऊस, पाच तासांत ११० चा धंदा, टिप वीस, वाटून उरले सोळा, पगाराचे तेच साडेदहा, तासाला साडेपाच सुद्धा नाही. आता हे ७.२५ च्या खाली आहे म्हणून मालक भरून देईल असं वाटतं ना, नाही देणार, कारण दोन्ही शिफ्ट मिळून तासाला १४ होतात आणि कायद्याच्या दृष्टीने तुमचं छान चाललंय. थोडक्यात रिकाम्या मंगळवारी मालकाला तुम्ही जवळजवळ फुकट पडता, नॅपकिनमधे काटे-चमचे गुंडाळत बसा, सॉसच्या बाटल्या भरा.

पण सगळी अमेरिका अशी नाहीये आणि इथेच निवडीचा प्रश्न येतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिट नाहीच, पूर्ण मिनिमम वेज द्यायचं आणि टिप त्याच्यावर. कॅलिफोर्नियाचा रेट २०२५ मधे १६.५० होता. काम तेच, युनिफॉर्म तोच, आणि राज्य बदललं की मालकाच्या खिशातून येणारे पैसे साडेसात पटीच्या वर. त्यामुळे ग्रीन कार्ड किंवा कामाचं परमिट हातात असलेल्याला मी सांगीन की राज्य आधी बघ, शहर नंतर. २०२५ च्या कायद्याने टिपच्या उत्पन्नावर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत फेडरल इन्कम टॅक्समधून वजावट पण दिलीये, २०२५ ते २०२८ या वर्षांपुरती.

आणि स्टुडंट असाल तर हे सगळं वाचून विसरून जा. एफ-वन व्हिसावर कॅम्पसबाहेरच्या रेस्टॉरंटमधे असं साधं वेटरचं काम करता येत नाही, कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, आणि कॅम्पसच्या डायनिंग हॉलमधे टिपबिप कोण देतंय. लपूनछपून करणारे असतात, पण पकडले गेले तर व्हिसाचं स्टेटसच जातं. दोन पैशांसाठी आख्खी डिग्री डावावर लावायची का?

गंमत म्हणजे ही टिपची प्रथा मूळची युरोपची. यादवी युद्धानंतरच्या काळात श्रीमंत अमेरिकन लोकं युरोप फिरून आली आणि हे खूळ घेऊन आली, आणि गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पगार न देता कामावर ठेवायची सोय म्हणून हॉटेल-रेल्वेवाल्यांनी ते उचलून धरलं. १९०९ मधे वॉशिंग्टन राज्याने टिपवर चक्क बंदी घातली, आणखी काही राज्यांनी घातली, पण १९२६ पर्यंत सगळे कायदे रद्द झाले. अलीकडे न्यूयॉर्कच्या डॅनी मायर या मोठ्या रेस्टॉरंटवाल्याने २०१५ पासून टिप बंद करून किमती वाढवल्या होत्या, २०२० मधे त्यालाही गुंडाळावं लागलं.

आता कॅनडा. माझ्या मते विद्यार्थ्याला आकड्यांच्या हिशोबात सगळ्यात चांगला हाच, कारण सवयी अमेरिकेच्या आणि कायदा त्याहून बरा. ओंटारियोत दारू सर्व्ह करणाऱ्यांसाठी वेगळा कमी रेट होता तो जानेवारी २०२२ पासून काढून टाकला, आता त्यांनाही सर्वसाधारण रेटच, तो ऑक्टोबर २०२५ मधे १७.६० कॅनेडियन डॉलर झाला, आणि लोकं अजून १५ ते २० टक्के टिप ठेवतातच. क्युबेकमधे मात्र टिपवाल्यांचा कमी रेट अजून चालू आहे, मॉन्ट्रियलला जाणाऱ्याने हे बघून जावं. सेमिस्टर चालू असताना कामाची मर्यादा आठवड्याला २४ तास. ओंटारियोत दारू नेऊन द्यायची तर स्मार्ट सर्व्हचं सर्टिफिकेट लागतं, ते आधीच काढून ठेवलेलं बरं, ताई तर म्हणते ते नसेल तर बायोडेटा वाचतच नाहीत.

पण नव्या माणसाला थेट टेबलं देत नाहीत हे कुणी सांगत नाही. आमच्या ताईला पहिले पाच महिने दारात उभं राहून लोकांना बसवायचंच काम होतं. टेबलं मिळाल्यावर एक दिवस सकाळी फोनवर फणफणत होती, "अरे, दोनशे डॉलरचं बिल, आठ जणं होती, तीन तास बसली आणि शून्य ठेवून गेली. आणि मला वर दहा डॉलर भरायला लागले!" तर झालं असं की तिच्याकडे टिप-आउट धंद्यावर होता, टिपवर नाही, म्हणजे विकलेल्या मालाच्या पाच टक्के किचन आणि बारला द्यायचे मग तुम्हाला टिप मिळो न मिळो. इंटरव्ह्यूला हे विचारून घ्या, टिप-आउट विक्रीवर आहे की मिळालेल्या टिपवर, या एका शब्दात महिन्याचे शे-दोनशे इकडचे तिकडे होतात.

माझा अनुभव याच्या बरोबर उलटा. ऑस्ट्रेलियात टिप म्हणजे काउंटरवरच्या बरणीतली चिल्लर, जरा भारी जागा असेल तर कार्डवर पाच-दहा टक्के, आणि ते पण किचनसकट सगळ्यांत वाटून. पण पगार! जुलै २०२५ मधे राष्ट्रीय मिनिमम वेज तासाला २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर झालं, कॅज्युअल (पक्की नोकरी नाही, लागेल तसं काम) म्हणून लागलात तर त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१ च्या वर, शनिवार-रविवारी आणखी, आणि सार्वजनिक सुट्टीला तर काम मिळावं म्हणून आमच्यात भांडणं व्हायची. म्हणून तर तिकडच्या मेन्यूकार्डावर खाली बारीक अक्षरात सुट्टीच्या दिवशी अमुक टक्के सरचार्ज असं लिहिलेलं असतं. वर सुपर, म्हणजे निवृत्तीसाठी मालकाने पगाराच्या १२ टक्के वेगळे भरायचे, देश कायमचा सोडताना ते कर कापून परत मिळतात. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टरमधे पंधरवड्याला ४८ तास.

रिकामी रात्र असली तरी पैसे तेवढेच. पावसाळी मंगळवारी मी ग्लास पुसत उभा असायचो आणि तासाचे पैसे चालू, ताई तिकडे जळायची. अर्थात मालक पण काही वेडा नसतो, गर्दी नाही दिसली की नऊला घरी पाठवतो, आणि कॅज्युअलला पुढच्या आठवड्याच्या रोस्टरवर नाव असेलच याची काही गॅरंटी नाही. आणि इथला खरा त्रास म्हणजे कॅश इन हँड. मला पहिल्या जागी मालकाने सरळ सांगितलं की रेट ठरलेला आहे, रोख देणार, स्लिप नाही, आणि तो रेट कायद्याच्या रेटच्या बराच खाली होता. आपलाच माणूस, गोड बोलणारा, मी तीन महिने केलं. कायद्याने एवढे मिळायला हवेत हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. फेअर वर्क ऑम्बड्समनकडे (पगार-कामाचे कायदे बघणारं सरकारी ऑफिस) तक्रार करता येते, व्हिसावाल्यांना पण.

ब्रिटन मधेच कुठेतरी बसतं. २१ आणि वरच्यांना २०२५-२६ मधे तासाला १२.२१ पाउंड होते, पण १८ ते २० वयाला १० च, म्हणजे बारावीनंतर लगेच जाणाऱ्याला फटका. टिप मिनिमम वेजमधे धरायची नाही हे २००९ पासूनच आहे. लंडनमधे बिलातच साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, तो ऐच्छिक असतो पण काढा म्हणायला इंग्रजाला लाज वाटते, त्यामुळे बहुतेक वेळा मिळतो. आधी यातले किती वेटरपर्यंत पोचतात हा मोठाच वादाचा विषय होता, ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधे कायदाच आला की टिप आणि सर्व्हिस चार्ज सगळाच्या सगळा कामगारांना द्यायचा, मालकाने कापायचा नाही. डिग्री करणाऱ्यांना सेमिस्टरमधे आठवड्याला २० तास.

जर्मनी मला वैयक्तिक आवडतं, फक्त भाषा आली पाहिजे. २०२५ मधे १२.८२ युरो मिनिमम, २०२६ पासून १३.९०, टिप आहे म्हणून पगार नाही असं मालकाला म्हणता येत नाही, आणि मिळालेल्या टिपवर इन्कम टॅक्स नाही. तिथे टिप टेबलावर ठेवून जात नाहीत. वेटर कमरेचं मोठं काळं पाकीट उघडून समोर उभा राहतो, ३७.४० झाले म्हणतो, गिऱ्हाईक नोट पुढे करून "चाळीस" म्हणतं, की झालं, अडीच युरोच्या वर त्याचे. त्या दोन सेकंदांत तुम्ही हसून उभे राहिलात की पाकीट चाचपत उभे राहिलात यावर बरंच असतं म्हणतात. फ्रान्समधे सर्व्हिस किमतीतच धरलेली, वर कुणी दोन-चार नाणी ठेवली तर ठेवली.

जपानला टिपची आशा सोडूनच जायचं, पैसे ठेवले तर विसरलात म्हणून परत आणून देतात. टोकियोत ऑक्टोबर २०२५ मधे रेट तासाला १२२६ येन झाला, रात्री दहानंतर पहाटे पाचपर्यंत २५ टक्के जास्त, विद्यार्थ्याला परमिट काढून आठवड्याला २८ तास. आकडा बाकीच्यांपेक्षा कमी दिसतो, आहेच कमी, पण भाषा शिकायचीच असेल तर इझाकायासारखा (तिकडचा दारू-खाण्याचा अड्डा) क्लास नाही. सिंगापूरमधे बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, तो वेटरलाच दिला पाहिजे असं काही बंधन नाहीये.

मग घ्यायचं काय? स्वभाव बघा आणि भाडं बघा. दर महिन्याला ठराविक तारखेला भाडं द्यायचंय, हातात शिल्लक नाही, अनोळखी लोकांशी गोड गोड बोलायचा कंटाळा आहे, तर डोळे झाकून ऑस्ट्रेलिया. बोलकं माणूस आहे, पाच-सहा महिने दारात उभं राहायची तयारी आहे, एखादा वाईट आठवडा झेपतो, तर कॅनडा, पण क्युबेक सोडून. ताई गेल्या वर्षभरात माझ्या जुन्या कमाईच्या पुढे गेलीये, ते मान्य करायला लागतं, फक्त जानेवारीत बर्फ पडलं की तिचा फोन जरा लवकर येतो.

आणि कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी विचारा की ट्रायल शिफ्टचे पैसे देणार का. मी विचारलं नव्हतं, चार तास प्लेटा उचलल्या, शेवटी एक पास्ता खायला दिला आणि कळवतो म्हणाले, अजून कळवतायत.