जुनी मियाटा: मॉडिफाय केलेली घ्यावी की स्वतः करावी?

कॅलिफोर्नियात पहिल्या जनरेशनची माझदा मियाटा (छोटी, उघड्या टपाची दोन सीटची स्पोर्ट्स कार) शोधताय त्यांच्यासाठी लिहितोय. १९८९ ते ९७ ची पॉप-अप हेडलाइटवाली. गाडी म्हणून आजही कमाल आहे, हलकी, रिअर व्हील ड्राइव्ह, गिअर टाकताना नुसतं मनगट हललं तरी पुरतं.

पैशाचं बघाल तर आधीच मॉडिफाय केलेली बहुतेक वेळा स्वस्तच पडते, कारण टर्बो किट (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारं), ती हवा थंड करणारा इंटरकूलर, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, यावर मालकाने ओतलेला पैसा विकताना काही पूर्ण वसूल होत नाही. पण मी अशी एक टर्बोवाली चालवून बघितली आणि सोडून दिली. टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) आला की काय मजा येते राव, पण वायरिंगला नुसती टेप गुंडाळलेली आणि ट्यून (ईसीयूचं सेटिंग) कुणी केलं त्याचा एक कागद नाही.

त्यात सुरुवातीच्या काही १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे, ते पुलीच्या बोल्टपाशी झिजतं, १.६ चं डिफरन्शियलही (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअर) नाजूक, म्हणून टर्बोच हवा तर १९९४ पासूनची १.८ बघा. आणि स्मॉग चेक (कॅलिफोर्नियाची धुराची सक्तीची तपासणी) विसरू नका, टर्बोसारख्या इंजिनच्या पार्टला ईओ नंबर (राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक) नसेल तर गाडी फेल, मग बसा सगळं उतरवून परत स्टॉक, म्हणजे कंपनीची होती तशी, करत.

सस्पेन्शन, चाकं, रोल बार एवढंच केलेली मिळाली तर बिनधास्त घ्या. इंजिनला हात लागलेला असेल तर आधी बिलं मागा, कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजून इंजिनची तब्येत बघणं) करा, नाहीतर सरळ स्टॉक घेऊन स्वतः करा. दाराखालचा पत्रा मात्र दोन्हीत बघा, गंज तिथूनच सुरू होतो.